सरकार न पोचलेली टाकी

"सरकारी माणसाला मी जागा देत न्हाई," शेठ म्हणाले आणि पुन्हा गुळाची ढेप फोडायला लागले.

मी जुन्नरच्या जनावरांच्या दवाखान्यात नुकताच बदलून आलो होतो. काखेत वळकटी, मागं ट्रंक डोक्यावर घेऊन ताटकळलेला हमाल आणि समोर हा बुटका, गोरा, पांढऱ्या सदऱ्यातला माणूस. मलाही राग आला होता. म्हणालो, "शेठ, नोकरी सरकारी आहे. मी माणूस आहे."

शेठनी हातोडी खाली ठेवली, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि घराकडं तोंड करून ओरडले, "अगं, ऐकलं का? माणूस आलाय. चहा ठेव."

त्या चहावर मी त्यांच्या माडीवर राहायला गेलो आणि बदली होईपर्यंत तिथंच राहिलो. भाड्याचा कागद कधी झालाच नाही. "तुमचं मला पटलं न्हाई तर मी तुमाला सांगन, माझं पटलं न्हाई तर तुमी मला सांगा. मधी तिसरा कशाला पायजे?" असं ते म्हणाले. हा तिसरा म्हणजे सरकार. शेठच्या जगात एक देणारा असायचा आणि एक घेणारा. तिसरा आला की तो खायलाच आला असं ते धरून चालत.

त्यांचे आजोबा राजस्थानातून जुन्नरला आले होते. शेठ स्वतः राजस्थानात एकदाच गेले, आणि त्यांची भाषा ऐकून तिथल्या भाऊबंदांनी 'महाराष्ट्रातले पावणे' म्हणून त्यांना वेगळ्या पाटावर बसवलं. घराण्याचा धंदा हिरड्याचा. घाटघरकडची माणसं डोंगरातून हिरडा आणत, शेठ घेत आणि पुढं पाठवत. मग नियम आला की हिरडा सरकारनंच घ्यायचा, दुसऱ्या कुणी घ्यायचा नाही. धंदा बसला आणि शेठ किराणा विकायला लागले. "झाड डोंगराचं, हिरडा झाडाचा, तोडणारा घाटघरचा, आन् भाव ठरवणार मुंबईचा," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. सरकारची बाजू अशी होती की व्यापारी डोंगरातल्या माणसाला लुबाडतो. ते खोटं नव्हतं. खुद्द शेठसुद्धा इतर व्यापाऱ्यांविषयी तेच सांगत. पण त्या नियमानं शेठच्या डोक्यात जी ठिणगी पडली ती विझली नाही. पुढं जगात जो जो म्हणून नियम होता, तो त्यांना हिरड्याच्या नियमाचा सख्खा भाऊ वाटायला लागला.

नगरपालिकेनं त्यांच्या दारासमोर दिव्याचा खांब रोवला तेव्हा त्यांनी हरकत घेतली. खांबाला नव्हे, उजेडाला. खांब रस्त्यावर आहे, तो राहू द्या. पण उजेड न विचारता माझ्या ओट्यावर येतो, त्याला आवरा. मुकादमानं डोकं खाजवलं आणि तो निघून गेला. शेठनी ओट्यावर पोत्याचा पडदा लावला. काकूंनी, म्हणजे शेठच्या बायकोनं, संध्याकाळी तो पडदा गुंडाळून वर बांधला आणि खाली बसून मूग निवडले. "सरकारचा उजेड हाय गं तो," शेठ म्हणाले. "मूग माझे हायत," काकू म्हणाल्या. आपल्या बायकोला आपली विद्या इतकी छान जमली याचा शेठना पुढचे कितीतरी दिवस आनंद होत राहिला.

जनगणनेचे मास्तर आले की शेठ त्यांना प्रेमानं बसवत, सरबत देत आणि माहिती द्यायला साफ नकार देत. "माझ्या घरात माणसं किती हायत हे मला ठावं हाय. तुमाला जेवाय घालायचंय का त्यांना?" मास्तर काकुळतीला यायचे. मग काकू आतून सगळ्यांची नावं, वयं आणि शिक्षणं मोठ्यानं सांगायच्या, आणि शेठ कानावर हात ठेवून बसायचे. आपल्या घरात कोणी काय बोलावं हे आपण ठरवत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं.

पण खरी कमाल दारूच्या दुकानाच्या वेळी झाली. पेठेतल्या बायकांनी दुकान बंद करायला सह्या गोळा केल्या. शेठनी जन्मात दारूचा वास घेतला नव्हता. पक्के जैन, सूर्य मावळल्यावर ते पाण्यालासुद्धा शिवत नसत. तेच शेठ उभे राहिले आणि म्हणाले, "बायांनो, नवऱ्याला बंद करा, दुकानाला कशाला? त्यानं प्यायची का न्हाई हे त्याचं त्यानं ठरवावं." बायका चिडून निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातल्या एकीनं झिंगलेल्या नवऱ्याला दंडाला धरून आणलं आणि शेठच्या गादीवर बसवलं. "घ्या. ह्यो आता काय ठरवतो ते बघा, आन् मला संध्याकाळी सांगा." तो गृहस्थ दिवसभर गादीवर बसून गिऱ्हाइकांना निम्म्या भावानं साखर देऊ करत होता. शेठनी त्याला ताक पाजलं, डोक्याखाली उशी दिली, आणि संध्याकाळी स्वतः घरी पोचवून आले. मत मात्र बदललं नाही. फक्त पुढं कधी विषय निघाला की, "त्या बाईला माझा दंडवत सांगा," असं म्हणून ते दुसरीकडं वळायचे.

शेठ आधी हसायचे आणि मग विनोद सांगायचे, त्यामुळं विनोद संपेपर्यंत समोरचा हसून दमलेला असायचा. मला ते फार आवडायचे, हे सांगून टाकतो. मी सांगलीकडचा, घरापासून लांब, दिवसभर गाईंच्या मागं हिंडणारा. संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर तासभर भांडलं की मला घरी आल्यासारखं वाटायचं.

माझ्याकडं नायट्रोजनचा कंटेनर असायचा. दुधाच्या कॅनसारखं जाड भांडं. त्यात भयंकर थंड असा पातळ नायट्रोजन आणि त्यात बुडवलेल्या बारीक कांड्या. कांड्यांमध्ये चांगल्या जातीच्या वळूचं गोठवलेलं बीज. गाय माजावर आली की मोटारसायकलला कंटेनर बांधून मी जायचो आणि ते गाईत भरायचो. झाकण काढलं की पांढरी वाफ उसळायची. शेठनी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते दोन पायऱ्या मागं सरकले.

"डॉक्टर, माझ्या डोक्यावर तुमी कितीक जीव ठेवलेत?"

"जीव नाही शेठ. बीज आहे."

"आन् वळू कुणाचा?"

"सरकारी केंद्रातला."

शेठचा चेहरा पडला. ओट्यावर घाटघरचे धोंडूमामा बसले होते. हे पूर्वी शेठना हिरडा द्यायचे, आता तांदूळ आणि नाचणी आणायचे. भात सोडून दुसरी कुठली गोष्ट त्यांनी कधी गंभीरपणे घेतली नाही. शेठ त्यांना म्हणाले, "मामा, सावध ऱ्हावा. सरकारचा वळू हाय. उद्या सरकार वासरू मागाय येईल."

"आजवर न्हाई आलं," धोंडूमामा म्हणाले. "ज्याची गाय त्याचं वासरू. आवं, गावचा वळू शिवारभर हिंडतो, त्यो काय दारोदार वासरं मागत फिरतो व्हय?"

शेठना हे इतकं पटलं की त्यांनी धोंडूमामांना तिथल्या तिथं गुळाचा खडा दिला. आपल्याच मताचा एवढा जुना पुरावा डोंगरात पडून होता आणि आपल्याला माहीत नव्हता, याची त्यांना हळहळ वाटली.

शेठना एकच मुलगी, बेबी. खरं नाव वेगळं, पण सासरीसुद्धा तिला बेबीच म्हणत. वडिलांना ती दादा म्हणायची. उंच, वडिलांच्या दुप्पट शांत, आणि बोलली की मुद्द्याचं बोलणारी. तिला मंचरला दिली होती. नवरा सज्जन, म्हणजे आपल्या वडिलांपुढं आणि सासऱ्यांपुढं सारखाच गप्प बसणारा. सासऱ्याची आडत होती आणि आवाज आडतीला शोभेल असा. सगळं चांगलं होतं, मूल तेवढं होत नव्हतं. वर्षं गेली. नवस झाले, काढे झाले, जुन्नर-मंचरमधल्या प्रत्येक बाईनं एकेक उपाय सांगून झाला. शेवटी पुण्याच्या एका दवाखान्यात उपचार सुरू झाले.

एके दिवशी शेठ माडीवर आले आणि माझ्या कंटेनरसमोर उकिडवे बसले.

"डॉक्टर, बेबीचं आन् जावयाचं बीज बाहेर काचेत एक केलं म्हणं. त्यातलं एक आत ठेवलं, ते ऱ्हायलं न्हाई. बाकीचे गर्भ गोठवलेत. असंच गोठवतात का?"

"असंच. हाच नायट्रोजन."

"केवढे असतात?"

"खसखशीच्या दाण्याहून कितीतरी लहान. डोळ्यांना दिसायचे नाहीत."

बेबीच्या लग्नातला फेटा त्यांनी कपाटात कुठं ठेवला होता ते मला काकूंनी दाखवलं होतं. नातवंडाच्या बारशाला तोच बांधायचा असं त्यांनी ठरवलं होतं. तो माणूस आता एका दुधाच्या कॅनसारख्या भांड्याकडं बघत होता. मग एकदम म्हणाले, "त्यावर कायदा कोणता लागतो?"

मला माहीत नव्हतं. शेठ तसेच उठले आणि घोडेगावच्या कोर्टातल्या एका ओळखीच्या वकिलाला गाठायला गेले. वकिलानं पुस्तकं चाळली, पुण्याच्या दुसऱ्या वकिलाला फोन केला आणि सांगितलं की शेठ, गोठवलेल्या गर्भाविषयी आपल्याकडं अजून कायदाच झालेला नाही. तो माल आहे की माणूस, मालकी कुणाची, हे कुठंच लिहिलेलं नाही. तेव्हा ते खरंही होतं; कायदा पुढं बऱ्याच वर्षांनी आला.

शेठ परत आले ते पेढ्यांचे पुडे घेऊन.

त्यांनी पेठेत प्रत्येक दुकानात पेढे वाटले. तोंडभर हसत होते. लोकांनी विचारलं, "काय शेठ, बेबीकडनं गोड बातमी का?" शेठ म्हणाले, "त्याहून गोड! कायदा न्हाई!" पण हे ऐकेपर्यंत लोकांच्या तोंडात पेढा गेलेला असायचा, आणि पेढा तोंडात असताना माणूस पुढचं ऐकत नाही. संध्याकाळपर्यंत जुन्नरभर झालं की बेबीला दिवस गेले. मी शेठना म्हणालो, "अहो, काय केलंत हे?" तर ते भारावलेले. "डॉक्टर, अख्ख्या देशात विचार करा. जमिनीवर कायदा, हिरड्यावर कायदा, गुळावर कायदा, मेल्यावरबी कायदा. एक टाकी तेवढी मोकळी ऱ्हायली. सरकार तिथवर पोचलंच न्हाई! आन् त्या टाकीत माझी नातवंडं हायत. जलमायच्या आधीच स्वतंत्र!"

बातमी मंचरला पोचायला एस.टी.एवढाच वेळ लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी व्याही जीप करून आले. सोबत नारळ, साडी, आंब्यांची पेटी आणि मुलगा-सून. सून तर त्यांच्याच घरात होती. पण तिनं आधी माहेरी सांगितलं आणि आपल्याला नाही, असा समज करून घेऊन ते रुसव्यानं आणि आनंदानं सारखेच फुलले होते. जीपमध्ये बेबी तीनदा म्हणाली होती की तसं काही नाही. तिला लाज वाटते असं त्यांना वाटलं.

शेठनी खरा प्रकार सांगितला. व्याह्यांचा नारळ धरलेला हात तसाच राहिला.

"म्हंजे आमचा वंश तिकडं टाकीत गारठून पडलाय, आन् तुमी पेढे वाटताय?"

"वंशाचे न्हाई व्याही, स्वातंत्र्याचे!"

"चुलीत गेलं तुमचं स्वातंत्र्य! पुढच्या महिन्यात सूनबाई पुण्याला जाईल आन् ते पोटात ठेवून घेईल. मी ठरवलंय."

हे 'मी ठरवलंय' शेठना नको तिथं लागलं. त्यांनी दुकानाची एक फळी लावून घेतली, सगळ्यांना गादीवर बसवलं आणि मला माडीवरून हाक मारली. "डॉक्टर, या. सरकारी म्हणून न्हाई, माणूस म्हणून." धोंडूमामा तांदळाचं पोतं घेऊन आलेलेच होते. ते पोत्यावर बसले. काकू आणि बेबी आतल्या दारात उभ्या राहिल्या. जावई भिंतीला टेकला. पणाला काय लागलंय ते सगळ्यांना कळत होतं: बेबीच्या पोटाचा हुकूम कुणाकडं.

शेठ उभे राहिले. "हे बघा व्याही, टाकीत जे हाय ते एक तर माल हाय, न्हायतर माणूस हाय. तिसरं काय असंल तर डॉक्टर सांगतील."

मी मान खाली घातली. तिसरं काय ते मला आजही सांगता येणार नाही.

"समजा, माल हाय. मग मालक कोण? प्रत्येक दाण्यात निम्मा तुमचा पोरगा, निम्मी माझी पोरगी. वाटून दाखवा."

"वाटायचं कशाला? बी आमचं हाय," व्याही म्हणाले.

धोंडूमामांना राहवेना. "आता बियाचंच म्हणाल तर पावणं, आमच्याकडं ज्याची गाय त्याचं वासरू..."

"मामा, मी गाय न्हाई," दारातून बेबी म्हणाली.

धोंडूमामांनी जीभ चावली, टोपी काढली आणि पुन्हा घातली. "न्हाई न्हाई ताई. गाईचं आपलं गाईपुरतं."

"बरं, माल सोडा," शेठ म्हणाले. त्यांना आता चढत चालली होती. "समजा, माणूस हाय. आमच्या धर्मात तर तो जीवच हाय, मीबी तेच मानतो. मग माणसाचा मालक कोण? कुणीच न्हाई. तुमी न्हाई, मी न्हाई, दिल्ली न्हाई. पर व्याही, माणूस झाला म्हणून त्याला न विचारता दुसऱ्याच्या घरात शिरता येतं का? उद्या कलेक्टर माझ्या दारात आला तर त्यानं आत यायचं का न्हाई हे मी ठरवणार. पावणा कितीबी मोठा असू द्या, दार घरवाल्यानं उघडायचं असतं. आन् हितं घर कुणाचं? बेबीचं! तवा माल धरा, माणूस धरा, काय वाट्टंल ते धरा. हुकूम एकट्या बेबीचा. तुमचा न्हाई, जावयाचा न्हाई, माझाबी न्हाई."

मी शेठची खूप भाषणं ऐकली होती, पण असं नाही. बोट वर केलेलं, चेहरा लाल, आणि प्रत्येक वाक्य जागच्या जागी बसत होतं. व्याही काही झालं तरी व्यापारी. पक्का बांधलेला व्यवहार त्यांना ओळखू येत होता. त्यांनी तो इकडून तिकडून दाबून पाहिला, कुठं फट सापडेना, तेव्हा नाइलाजानं मांडीवर थाप मारली.

"मान्य. बेबी म्हणंल तसं."

"बराबर हाय," धोंडूमामा म्हणाले.

शेठ विजयी मुद्रेनं दाराकडं वळले. "बोल बेबी. पुढच्या महिन्यात जायचं का दिवाळीनंतर?"

"झालं का सगळ्यांचं?" बेबी म्हणाली. "मला नको."

"बरं, दिवाळीनंतर."

"दिवाळीनंतर न्हाई, दादा. मला आता हे नकोच. परत न्हाई करायचं."

रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला.

"सुयांनी पोट निळं झालंय माझं," बेबी म्हणाली. आवाज अजिबात चढला नव्हता. "पहाटेची गाडी धरून पुण्याला जायचं, रांगेत बसायचं, परत यायचं, आन् मग सगळ्यांनी माझ्या तोंडाकडं बघायचं. पोट सोडून बाकी मी काय करते, मला काय आवडतं, हे इतक्या वर्षांत कुणी विचारलं न्हाई. मला मूल नको व्हतं असं न्हाई. लई हवं व्हतं. पर आता मला माझी मी परत पायजे. ते ठेवू नका टाकीत. सोडून द्या."

व्याही फुटले. "मग पोटात वाढवायला दुसरी बाई बघू! हल्ली असतात म्हणं तशा बाया..."

"नको," भिंतीला टेकलेला जावई म्हणाला. त्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला, आणि बहुतेक त्याच्या वडिलांनीही. "नको, नाना. आत्ताच मान्य म्हणालात. बेबी म्हणंल तसं."

सगळ्यांचे डोळे शेठकडं गेले. बोट अजून वरच होतं. ते त्यांनी हळूच खाली घेतलं. शेठ आयुष्यभर सांगत आले होते की माणसाला मोकळं सोडा. पण मोकळं सोडलेला माणूस आपल्याला हवं तेच करील, असं त्यांनी मनात धरलं होतं. ते धरलंय हे त्यांचं त्यांनाही त्या दिवशीच कळलं असावं. काकू पुढं आल्या, व्याह्यांच्या हातातला नारळ घेतला आणि म्हणाल्या, "चला, जेवून घ्या सगळी."

पुढचे काही दिवस शेठ पळवाट शोधत होते. मला ते बघून हसूही येई आणि वाईटही वाटे. ते रोज नवी काहीतरी युक्ती घेऊन माडीवर यायचे. आमच्याकडं पांजरपोळ असतो, म्हणाले, म्हातारी-लंगडी गुरं मरेपर्यंत सांभाळतात. पूर्वी तर किडामुंगीसाठीसुद्धा वेगळी खोली असायची, धान्य टाकायचे आत. मग ह्यांच्यासाठी का नको? बेबीला त्रास न्हाई, कुणाला त्रास न्हाई, नुसतं ठेवायचं.

"कुठं ठेवणार शेठ?"

त्यांनी माझ्या कंटेनरकडं पाहिलं. "तुमच्यात जागा असंल की."

"शेठ, त्यात वळूचं बीज आहे!"

"मग काय झालं? आपली कांडी वेगळी ठेवू. चिठ्ठी लावू."

मला इतकं हसू फुटलं की मी खाटेवर बसलो. क्षणभरानं शेठही हसायला लागले. हसता हसता त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि बराच वेळ पुसतच राहिले.

शेवटी त्यांनी बेबीला फोनवर विचारलंच. मी तिथं होतो. तिनं काय सांगितलं ते ऐकू आलं नाही, शेठ मात्र "व्हय... व्हय... तसं न्हाई गं..." करत होते. फोन ठेवून मला म्हणाले, "ती म्हणते, तुमी सांभाळाल दादा, पर आठवण मला येत ऱ्हाईल. ती तुमी सांभाळणार का?" मग स्वतःच म्हणाले, "बराबर बोलली. लई बराबर बोलली. माझीच पोरगी हाय."

पुण्याला जायच्या दिवशी त्यांनी मला रजा काढायला लावली. दवाखान्यातलं काही कळलं नाही तर समजावून सांगायला कुणीतरी हवं, असं म्हणाले. बेबी आणि जावई मंचरला जीपमध्ये चढले. वाटेत शेठ एक शब्द बोलले नाहीत. खेडच्या अलीकडं सरकारी टोलचं काम चाललं होतं, त्यावरसुद्धा नाही. तेव्हा मात्र मला काळजी वाटली.

दवाखान्यात बेबीनं आणि जावयानं जे सांगायचं ते सांगितलं, जिथं सही करायची तिथं केली. आत न्यायची रीत नव्हती, पण तिथल्या मॅडम भल्या होत्या. काचेच्या दाराशी उभं राहू दिलं. आत टाक्या होत्या, माझ्या कंटेनरच्या मोठ्या बहिणी. मॅडमनी शेठकडं पाहून विचारलं, "हे कोण?"

"मी कुणी न्हाई," शेठ म्हणाले. "माझा काय हक्क न्हाई. नुसता आलोय."

आणि मग जुन्नरच्या पेठेत ज्यानं कधी कुणाची परवानगी मागितली नव्हती, तो माणूस मुलीकडं वळला. "बेबी, तुझी परवानगी असंल तर मी त्यांच्याशी एक शब्द बोलू का?"

बेबी त्यांच्याकडं बघत राहिली. "बोला, दादा."

शेठनी चपला काढल्या. टोपी नीट केली, हात जोडले आणि काचेपलीकडच्या टाकीसमोर मान वाकवली. त्यांच्या लोकांत वर्षातून एकदा सगळ्या जिवांची माफी मागतात, कळत-नकळत दुखावलं असेल त्याची. आजचा दिवस काही तो नव्हता.

"मिच्छामि दुक्कडम्," शेठ म्हणाले. "बाळांनो, तुमचं-आमचं जमलं न्हाई. राग धरू नका. ह्यात तुमची काय चूक न्हाई. आन् बेबीची तर न्हाईच. तिची कवाच नव्हती."

इतक्या वर्षांत बेबीला हे कुणीच म्हणालं नव्हतं. सासरी नाही, माहेरी नाही, आम्ही ओट्यावर तासन्‌तास वाद घालणाऱ्यांनीही नाही. ती जोरात रडायला लागली. तिथल्या बाकावर बसून, पदर तोंडाला न लावता, लहान पोरगी रडते तशी मोकळी रडली. जावई शेजारी बसून तिचा हात धरून राहिला.

शेठ गोंधळून गेले. अनवाणी तसेच माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "डॉक्टर, मी काय वंगाळ बोललो का?"

"नाही शेठ," मी म्हणालो. मी दाराशी राहिलेल्या त्यांच्या चपला उचलून आणल्या आणि त्यांच्या पायांपुढं ठेवल्या.